आधी आऊत, मग बैल : लहान ट्रॅक्टर आपल्या शिवारात कसा आला आणि घेताना काय बघायचं



आखाजी आली की पूर्वी आपल्याकडे सालदार ठरायचे. आता सालदार मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरची कोटेशनं निघतात. मृग लागेपर्यंत रोज कोणी ना कोणी विचारतो, "दादा, मिनी घेऊ का मोठा? किती एचपीचा घेऊ?" मी उलटा प्रश्न विचारतो, "आऊत कोणतं चालवायचं आहे?" पुष्कळांना हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो. पण शेतीच्या यंत्रांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर सगळं उत्तर याच प्रश्नात आहे. म्हणून आज जरा मागे जाऊन सांगतो. पोस्ट लांब आहे, पण चार-पाच लाखांच्या कर्जावर सही करायच्या आधी दहा मिनिटं वाचायला हरकत नाही.

बैलांचा काळ

आपल्या काळ्या जमिनीत दरवर्षी नांगरट करायची पद्धत नव्हती. उन्हाळ्यात जमीन स्वतःच भेगाळते, तळापर्यंत तापते. मुख्य काम वखराचं असायचं. हरळी-कुंदा माजला तरच मोठा नांगर निघायचा आणि त्याला तीन-चार जोड्या जुंपायच्या. तेवढ्या जोड्या एका घरी नसत. मग भाऊबंद, शेजारी मिळून इर्जिक करायचे. म्हणजे वर्षातून चार दिवस लागणाऱ्या ताकदीसाठी कोणी आठ बैल दावणीला बांधून ठेवत नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी गोष्ट मापाची. तिफणीच्या फणांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्या ओळी पडायच्या. त्या ओळीत बसेल एवढीच कोळप्याची पास. आणि ते कोळपं ओळीतून पीक न तुडवता ओढेल असा बैल. जड, उंच बैल गाडीला आणि नांगराला; हलका, चपळ, ओळ ओळखणारा बैल कोळप्याला. आधी ओळ ठरायची, मग आऊत, मग बैल. बाजारात जाऊन सगळ्यात दांडगा बैल आणायचा आणि मग त्याला काम शोधायचं, असं कोणी करत नव्हतं.

याच काळात महाराष्ट्रातला पहिला मोठा बदल झाला. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या राजांच्या मदतीने किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हा नांगर गावोगाव गेला. यात बैल तेच होते, जमीन तीच होती, फक्त आऊत बदललं होतं. तरी काम बदललं. लाकडी नांगर माती फाडायचा, लोखंडी नांगराने ती पलटी व्हायला लागली.

मोठ्या यंत्रांचा काळ

स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारपुढे अन्नाचा प्रश्न होता. मध्य भारतात कास गवताने लाखो एकर जमीन पडीक झाली होती. त्यासाठी केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढलं. १९४९ साली जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते भारताला त्या बँकेचं दुसरंच कर्ज होतं. १९५६ साली राजस्थानात सुरतगडला रशियाने भेट दिलेल्या यंत्रांवर सरकारी शेत सुरू झालं.

ही साखळीवाली, अवजड यंत्रं. ज्या कामासाठी आणली ते काम, म्हणजे पडीक तोडणं, त्यांनी केलं. पण बांधाने तुकडे पडलेल्या आपल्यासारख्याच्या रानात त्यांचा काय उपयोग? "ट्रॅक्टर म्हणजे जेवढा मोठा तेवढा चांगला" ही समजूत मात्र त्या काळापासून मनात बसली, ती अजून निघालेली नाही.

फर्ग्युसनची तीन टोकं

आता थोडं परदेशात जाऊ, कारण आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे जी तीन टोकं आहेत ती तिथून आली. उत्तर आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन हा शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात सरकारने त्याला ट्रॅक्टर-नांगरांच्या कामावर देखरेख करायला लावलं. त्याने पाहिलं की ट्रॅक्टर बैलासारखा वापरला जातोय. मागे साखळीने नांगर बांधायचा आणि ओढायचा. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायचं, कधी ट्रॅक्टर उलटा होऊन ड्रायव्हरच्या अंगावर यायचा. आणि पकड यावी म्हणून ट्रॅक्टर जड करायचा, तर जड ट्रॅक्टर जमीन दाबायचा.

त्याने डोकं ट्रॅक्टरला नाही, आऊताच्या जोडणीला लावलं. खाली दोन दांड्या, वर एक दांडी आणि उचलायला हायड्रॉलिक. आऊत ट्रॅक्टरचाच भाग झालं. नांगर जमिनीत ओढ घेतो तसा त्याचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही पकड धरतो. १९३६ साली ही जोडणी असलेला ट्रॅक्टर विक्रीला आला. १९३९ साली अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर ९एन आला. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला टीई-२० बनू लागला, तो दहा वर्षांत पाच लाखांवर तयार झाला. वजन साधारण टनभर, ताकद वीस-पंचवीस एचपी. म्हणजे आजच्या हिशोबाने मिनीच. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरवर.

१९५३ साली फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिळाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव झालं. १९६० साली चेन्नईच्या टाफेने त्याच कंपनीशी करार केला. आज खानदेशात कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर उभा असो, मागची तीन टोकं त्या आयरिश माणसाच्या डोक्यातली आहेत. वजन आणि एचपी न वाढवता, आऊताची जोडणी सुधारून त्याने काम वाढवलं.

आपल्याकडचे ट्रॅक्टर : लहान, मग मोठे

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला, जर्मन कंपनीच्या भागीदारीत. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत कंपनी काढली आणि बी-२७५ आणला. ३५ एचपीचा हा ट्रॅक्टर जुन्या लोकांना अजून आठवतो.

संपूर्ण देशी आराखड्यावर बनलेला ट्रॅक्टर १९७४ साली आला, स्वराज ७२४. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेने आराखडा केला, पंजाब ट्रॅक्टर्सने बनवला. ताकद साधारण २६ एचपी. म्हणजे आपल्या इंजिनिअर लोकांनी आपल्या शेतकऱ्यासाठी स्वतः विचार केला तेव्हा ट्रॅक्टर लहानच निघाला.

मग ३५, ४५, ५० एचपीकडे गाडी का गेली? त्याला कारणं होती आणि ती खोटी नव्हती. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, ट्रॅक्टरला कर्ज मिळू लागलं. कर्ज फेडायचं तर ट्रॅक्टर भाड्याने फिरला पाहिजे. भाडं मिळतं ट्रॉलीला, थ्रेशरला, नांगरटीला. वाळू, विटा, ऊस ओढायला ताकद लागते. पुढे रोटाव्हेटर आला, त्यालाही ताकद लागते. म्हणून मोठा ट्रॅक्टर हा मुळात भाड्याचा धंदा करणाऱ्याचा ट्रॅक्टर आहे. तो धंदा ज्याला करायचा आहे त्याने मोठा घ्यावा. पण सहा एकर कपाशीवाल्याने त्याचं पाहून घेतला तर ट्रॅक्टर त्याचा आणि हप्ता पण त्याचाच.

पुन्हा लहानाकडे

लहान ट्रॅक्टर ही काही गरिबाची सोय म्हणून आलेली गोष्ट नाही. अमेरिकेत १९४७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने फार्मॉल कब काढला. खेचरावर शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यासाठी साधारण दहा एचपीचा हा ट्रॅक्टर १९७९ पर्यंत चालला. जपानमध्ये भाताची खाचरं लहान. तिथे आधी पॉवर टिलर आणि मग १९६० पासून कुबोटासारख्यांचे लहान ट्रॅक्टर आले. आपल्याकडे १९६७ साली बंगळुरूला व्हीएसटी कंपनी निघाली, जपानच्या मित्सुबिशीच्या साहाय्याने. आधी पॉवर टिलर, मग १९८० च्या दशकात साडेअठरा एचपीचा ट्रॅक्टर. "मित्सुबिशी शक्ती" या नावाने तो नाशिकच्या द्राक्षबागांत आणि डाळिंबात घुसला, कारण तिथे मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरतच नव्हता.

दुसरी वाट सौराष्ट्रातून आली. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि आऊत लावायची सोय केली. त्याला लोक बुलेट सांती म्हणतात. सांती म्हणजे तिकडचं आऊतच. दुष्काळात बैल परवडेनात म्हणून निघालेली ही युक्ती. राजकोटला कॅप्टनसारख्या कंपन्यांनी लहान ट्रॅक्टर काढले. तिकडची पिकं कापूस आणि भुईमूग, म्हणजे आपल्यासारखीच. सुरत-धुळे रस्त्याने तो माल आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. मग मोठ्या कंपन्याही उतरल्या. २०१० च्या सुमारास महिंद्राचा १५ एचपीचा युवराज आला, २०२१ साली स्वराजचा ११ एचपीचा पेट्रोलवर चालणारा कोड आला.

हे सगळं आपल्याकडे का खपलं, त्याची कारणं आपल्याच शिवारात आहेत.

पहिलं कारण वाटण्या. कृषी गणनेत १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी वहिती खातं ४.२८ हेक्टर होतं, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं, म्हणजे सव्वातीन एकर. एवढ्या तुकड्यात मोठा ट्रॅक्टर वळवायलाच दोन-तीन तास वाया जातात. तास म्हणजे ओळी बरं का.

दुसरं ठिबक. जळगावातून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक पसरलं, १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धित केळीची रोपं आली. रावेर, यावल, चोपड्याकडे केळी ओळीत, गादीवाफ्यावर आली. प्रत्येक ओळीला नळी. बैल नळी तुडवतो, मोठा ट्रॅक्टर नळी आणि गादी दोन्ही मोडतो.

तिसरं कारण बैल आणि माणूस. जोडी सांभाळायला चारा लागतो, माणूस लागतो, वर्षभर लागतो. सालदार गेला आणि त्याच्यामागे जोडी गेली.

चौथं सरकारी योजना. २०१२ साली राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची योजना आणली. साडेतीन लाखांची मर्यादा, ९० टक्के अनुदान, म्हणजे ३ लाख १५ हजार. त्यात एक गोष्ट चांगली होती. नुसता ट्रॅक्टर नाही, त्याबरोबर कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलरही धरला होता. २०१४-१५ पासून केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान आलं. अनुदानाची टक्केवारी आणि अटी बदलत राहतात. अर्ज करायच्या आधी महाडीबीटीवर चालू वर्षाचं बघून घ्या, मागच्या वर्षीच्या ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

मग निवडायचं कसं

आता आपल्या प्रश्नावर येऊ. कागद घ्या आणि या क्रमाने लिहा.

आधी ओळ मोजा. तुमची कपाशी चार फुटांवर आहे का पाच? केळी पाच फुटांवर का सहा? ट्रॅक्टरची चाकाच्या बाहेरून बाहेरची रुंदी टेपने मोजा, छापील पत्रकावर विसंबू नका. दोन्ही बाजूंना निदान अर्धा-अर्धा फूट मोकळा राहिला पाहिजे. चार फुटांच्या ओळीत तीन फुटी ट्रॅक्टर जातो, साडेतीनचा फांद्या मोडतो. कपाशीत पोटाखालची उंचीही बघा, नाहीतर पाते लागले की ट्रॅक्टर बाहेरच. केळीत पानं एकमेकांत गेली की तसंही मशागत थांबते, म्हणून तिथे पहिल्या तीन-चार महिन्यांचंच काम धरा.

मग कामांची यादी करा आणि दोन भाग पाडा. वारंवार आणि वेळेवर लागणारी कामं एका बाजूला : कोळपणी, वखरणी, सऱ्या, फवारणी, शेणखत-केळीची लहान वाहतूक. वर्षातून एकदा लागणारी जड कामं दुसऱ्या बाजूला : पलटी नांगर, सबसॉयलर, पऱ्हाटीचं श्रेडर. पहिली कामं स्वतःच्या लहान ट्रॅक्टरवर. दुसरी भाड्याने. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत कडक उन्हाळ्यात दोन फाळी पलटी नांगर १८ एचपीच्या ट्रॅक्टरने ओढायचा हट्ट करू नका. चाक जागेवर फिरेल, क्लच जळेल. तीन-चार जोड्यांचा नांगर आपले आजोबा इर्जिकने चालवायचे, तोच हिशोब. बोंडअळीसाठी पऱ्हाटी बारीक करणं गरजेचं आहे, पण श्रेडरला मोठा ट्रॅक्टरच लागतो. गावच्या अवजार बँकेतून तो तासावर आणा.

तिसरं, एचपी कोणता ते विचारा. पत्रकावर मोठ्या अक्षरात इंजिनचा एचपी असतो. आऊत फिरवतो तो पीटीओचा एचपी, तो दहा-पंधरा टक्के कमी असतो. रोटाव्हेटर, ब्लोअर, फवारणी पंप या सगळ्यांना पीटीओचा एचपी आणि ५४० फेरे बघायचे. १८-२० एचपीला तीन फुटांच्या आसपासचा रोटाव्हेटर पुरे. चार फुटी घेतला तर इंजिन गुदमरतं.

चौथं, मागची टोकं तपासा. खालच्या दांड्यांची पिन २२ मिलिमीटर, वरच्या लिंकची १९ मिलिमीटर, हे पहिल्या कॅटेगरीचं माप. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला पिन तीच पण दोन दांड्यांमधलं अंतर कमी असतं. शेजाऱ्याचं जुनं आऊत बसेल असं गृहीत धरू नका. ट्रॅक्टर घ्यायच्या आधी ते आऊत लावून, उचलून बघा. उचलायची ताकद किती किलो तेही विचारा, कारण दोनशे लिटरची टाकी भरली की पंपासकट वजन कुठल्या कुठे जातं.

पाचवं, वजन आणि चारचाकी ओढ. हलका ट्रॅक्टर जमीन कमी दाबतो, हा त्याचा गुण. पण ओढ चाकाच्या पकडीतून येते, म्हणून हलक्या ट्रॅक्टरला चारही चाकांची ओढ असली तर ओल्या काळ्या रानात फरक दिसतो. साक्रीकडच्या हलक्या मुरमाड जमिनीत दोन चाकांवर भागतं. केळीच्या गादीत आणि ओलीत चारचाकी बरा.

सहावं, रोटाव्हेटरचा मोह आवरा. माती पिठासारखी झाली की डोळ्याला बरं वाटतं. पण दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरली की खाली कडक थर बसतो, पाणी मुरत नाही, मूळ आडवं जातं. वखर आणि दाती कल्टिव्हेटर जुने म्हणून टाकू नका.

हिशोब

शेवटी पैसे. हे आकडे फक्त मांडणी कळावी म्हणून धरतो, तुमचे तुम्ही घाला. समजा ट्रॅक्टर आणि आऊतं मिळून चार लाख. दहा वर्षांची घसारा धरली तर वर्षाला ४० हजार. सरासरी व्याज २० हजार. विमा, दुरुस्ती १५ हजार. झाले ७५ हजार, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला तरी. भाड्याचा तास ७०० रुपये आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचा डिझेल-ऑइलचा तास २५० धरला तर तासाला ४५० वाचतात. ७५ हजार भरून निघायला साधारण १६७ तास लागतात. एकरी वर्षाला आठ तास काम निघालं तर एकवीस एकर झाले.

म्हणजे सव्वातीन एकरवाल्याला एकट्याने लहान ट्रॅक्टरही परवडत नाही, हे आधी कबूल करा. मग वाटा दोन आहेत. एक, दोन-तीन भाऊबंदांनी मिळून घ्या, पण हप्ता, डिझेल, ड्रायव्हर आणि मोडतोड कोणाकडे ते आधीच कागदावर लिहा. दुसरी, कोळपणी-फवारणीची भाडी मारायची तयारी ठेवा. आपल्या पट्ट्यात मोठ्या ट्रॅक्टरचं भाडं मारणारे पुष्कळ आहेत, ओळीतलं काम करून देणारे थोडे. आणि वेळेवर कोळपणी झाली नाही तर जे तण वाढतं त्याचा खर्च या हिशोबात नाही, तो ज्याचा त्याने धरावा. काहींच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा निघेल.

शोरूममध्ये गेलात की माणूस आधी एचपी सांगेल, मग रंग, मग हप्ता. तुम्ही खिशातून ओळीचं माप आणि कामाची यादी काढा. ज्या ट्रॅक्टरला त्या यादीतलं आऊत बसत नाही तो कितीही स्वस्त असो, तुमचा नाही.

तुमच्याकडे ओळ किती फुटांची आहे आणि त्यात कोणतं आऊत नीट चालतं ते जरूर सांगा. गाव आणि जमिनीचा प्रकार लिहिला तर दुसऱ्या कोणालातरी उपयोग होईल.

रामराम.